‘विनंती अर्ज’ की ‘वर्दी’? सत्तेपुढे वाकण्याची सवय आपल्याला कुठून लागते?

प्रश्न – नीरेकाठची

नमस्कार. गेल्या महिन्यात आईबरोबर गावच्या तलाठी कार्यालयात जाण्याचा प्रसंग आला. वडिलांना जाऊन दोन महिने होत आले होते आणि सात-बारावर वारसांची नोंद करायची होती. आईने सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी वडिलांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून घेतली होती. कार्यालयाच्या दाराशी पोहोचताच तिने पायांतल्या चपला काढल्या. आत जाणाऱ्या दुसऱ्या कोणी चपला काढल्या नव्हत्या आणि तशी पाटीही कुठे नव्हती. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी आई पाऊण तास उभीच राहिली. माझ्या धाकट्या भावापेक्षाही वयाने लहान असलेल्या कर्मचाऱ्याला ती प्रत्येक वाक्यात ‘साहेब’ म्हणत होती आणि तो मान वर न करता ‘मावशी, पुढच्या आठवड्यात या’ एवढेच सांगत होता.

त्याआधी बाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एका गृहस्थांनी आमचा अर्ज लिहिला होता. त्याची सुरुवातच अशी होती: ‘मेहेरबान साहेबांचे चरणी नम्र विनंती की, मी एक गरीब विधवा असून साहेबांनी कृपावंत होऊन माझे नाव लावण्याची मेहेरबानी करावी.’ आमची साडेचार एकर जमीन आहे, त्यातली निम्मी बागायत आहे आणि घरपट्टीसुद्धा कधी थकलेली नाही. ‘गरीब’ आणि ‘चरणी’ हे शब्द काढा, असे मी म्हटल्यावर ते गृहस्थ अगदी मनापासून, माझ्या भल्यासाठी म्हणून म्हणाले, “बाई, असंच लिहावं लागतं. नाहीतर साहेबांना वाटेल, तुम्ही हक्क सांगायला आलात.”

ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. आम्ही हक्क सांगायलाच गेलो होतो आणि तो हक्क आहे असे दिसू नये याचीच काळजी आम्हाला घ्यावी लागली. माझ्या आईला हे कोणी शिकवले? राजेशाहीने, इंग्रजांनी, शाळेने, की घराने? आणि ही नुसती बोलण्याची रीत आहे, की आपले राजकारण आणि आपले न्यायालयसुद्धा याच सवयीवर चालते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही अपेक्षा आहे.

उत्तर 1 – जुना कारकून

ताई, मी महसूल खात्यात 34 वर्षे काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आपल्या आईसारख्या शेकडो माणसांना मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे, म्हणून हे उत्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

आधी कायद्याचे सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 149 प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तसे तोंडी किंवा लेखी कळवायचे असते आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच तिथल्या तिथे द्यायची असते. ‘द्यायची असते’ हे शब्द मी जाणून लिहितो आहे, कारण द्यावी की नाही हे ठरवण्याची मुभा कायद्याने ठेवलेलीच नाही. कलम 150 प्रमाणे ती नोंद फेरफार नोंदवहीत घेऊन चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. या कळवण्याला आमच्या खात्यात जुन्या काळापासून ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी म्हणजे खबर. वडील वारले, वारस अमुक अमुक आहेत, ही खबर आपण सरकारला देता आणि सरकारने आपले दप्तर दुरुस्त करून घ्यायचे असते. यात विनंती नाही, कृपा नाही आणि चरण तर नाहीतच. मात्र मी नोकरीत असताना माझ्या टेबलावर आलेल्या शंभर वारस अर्जांपैकी नव्वदांवर ‘विनंती अर्ज’ असेच शीर्षक असे आणि आम्हीही आवक नोंदवहीत ते तसेच उतरवून घेत असू. कायद्याने प्रजेच्या हाती दिलेला शब्द प्रजेनेही टाकला आणि आम्हीही पुसला.

ही रीत फक्त इंग्रजांनी आणली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पेशवाईतल्या पत्रांतही वरिष्ठाला लिहिताना ‘स्वामींचे सेवेसी’ असा मायना असेच. परंतु 1818 नंतर एल्फिन्स्टन या इंग्रज प्रशासकाच्या व्यवस्थेत दख्खनमध्ये जो कलेक्टर आला, त्याच्या एका हाती वसुली, पोलीस आणि न्याय या तिन्ही गोष्टींचे दोर आले, आणि ज्याच्याकडे दाद मागायची तोच शेतसारा ठरवणारा, अशी स्थिती गावोगाव झाली. सारा सूट हवी असेल तर कायदा दाखवून उपयोग नव्हता, मर्जी संपादन करावी लागे. मर्जीची भाषा तेव्हा पोटापाण्याची भाषा होती. पुढे राज्य बदलले, कायदे बदलले, अर्जाचा नमुना मात्र बापाने मुलाला दाखवावा तसा एका पिढीने दुसऱ्या पिढीला दाखवला. ‘मे. तहसीलदार साहेब’ यातला ‘मे.’ म्हणजे ‘मेहेरबान’ हे लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांना आता ठाऊकही नसते.

आता माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगतो. अतिवृष्टीनंतर नुकसानीचे पंचनामे चालू होते. एका ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या अकरा घरांची नावे माझ्या यादीत होती, मी स्वतः ती पडलेली घरे पाहिली होती. वरिष्ठांचा फोन आला की, यादी फार फुगली आहे, ती वस्ती या वेळी राहू द्या. आमच्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे की वरिष्ठांचे आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावेत, आणि तोंडी आदेश दिला गेला तर हाताखालच्याने त्याला लेखी दुजोरा मागून घ्यावा. मी तो मागितला नाही. ‘साहेबांना लेखी कसे मागायचे’ हा एकच विचार मनात होता. टिप्पणीत मी ‘चर्चा केल्याप्रमाणे’ एवढेच लिहिले. त्या अकरा कुटुंबांनीही कधी तक्रार केली नाही, कारण त्यांच्याही मनात ‘साहेबांना कसे विचारायचे’ हेच होते. खालून प्रश्न गेला नाही आणि मधून हरकत गेली नाही, म्हणून त्या वस्तीत काय घडले ते वरती कोणाला कळण्याचा मार्गच उरला नाही. आदबीचा खरा तोटा मला तिथे समजला. माणसाचा कणा वाकतो हे खरे आहेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की खरी खबर वर चढतच नाही.

आपण नवीन अर्ज लिहा. शीर्षक ‘वारस नोंदीबाबत वर्दी (कलम 149)’ असे ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

उत्तर 2 – तालुका वकील

वरील उत्तराशी मी सहमत आहे. न्यायालयाबद्दल विचारले आहे म्हणून त्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे दाव्यात ‘मेहेरबान कोर्ट’ असे लिहितात आणि वरच्या न्यायालयांत ‘मायलॉर्ड’ म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद 18 ने किताब रद्द केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2006 मध्ये ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावे आणि कनिष्ठ न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला तसा शब्द वापरावा, असा नियम केला. सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये सांगितले की ‘मायलॉर्ड’ म्हणण्याची सक्ती नाही, आदराने बोलले की पुरे. तरीही हा शब्द रोज ऐकू येतो. मला स्वतःला या शब्दाची फारशी चिंता वाटत नाही. शब्दात वाकणारा माणूस युक्तिवादात ताठ उभा राहू शकतो, हे मी ज्येष्ठ वकिलांमध्ये पाहिले आहे. चिंता आहे ती निकालात वाकण्याची.

त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण 28 एप्रिल 1976 चे आहे. आणीबाणीत हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. अनुच्छेद 359 खालील आदेशाने मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केला होता. प्रश्न असा होता की, अटकेचा आदेश कायद्याला धरून नाही किंवा दुष्ट हेतूने काढला आहे, एवढे तरी न्यायालयाने तपासावे की नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत आपले मुंबई उच्च न्यायालयही होते, ‘तपासता येईल’ असे म्हटले होते. हे प्रकरण जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर त्यावरही दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले. असे उत्तर भर न्यायालयात ऐकूनही पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. त्या चारांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

हे चौघे विद्वान नव्हते किंवा भित्रे होते, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्यांच्या निकालांत एक विश्वास दिसतो: सरकार अडचणीच्या काळात जे करते ते जबाबदारीने करत असणार, त्याच्याकडे आपल्यापेक्षा अधिक माहिती असणार. हाच विश्वास 1941 मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने युद्धकाळात दाखवला होता. अटकेसाठी ‘वाजवी कारण’ आहे असे मंत्र्याला वाटले की झाले, त्यात न्यायालयाने डोकावू नये, असे बहुमताने म्हटले होते आणि तिथेही एकटे लॉर्ड ॲटकिन विरोधात उभे राहिले होते. म्हणजे ही खोड केवळ आपल्या मातीतली नाही. तीच प्रवृत्ती तलाठी कार्यालयात ‘साहेबांची मर्जी’ म्हणून वावरते आणि निवाड्यांत ‘प्राधिकाऱ्याचे व्यक्तिनिष्ठ समाधान’ असे भारदस्त नाव धारण करते. दोन्हीकडे नियमाची जागा माणसाने घेतलेली असते.

त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली होती, हे मुंबईच्या वकिलांनी विसरू नये. फेब्रुवारी 1976 मध्ये मिनू मसानी यांच्या नियतकालिकाच्या प्रकरणात न्या. मदन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, सगळ्या वृत्तपत्रांनी एका सुरात बोलावे अशी व्यवस्था करणे हे सेन्सॉरचे काम नाही. देश तोच, कायदा तोच, भीतीही तीच होती. त्यामुळे ‘काळच तसा होता’ हे समर्थन मला पटत नाही.

पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 20 आणि 21 आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत, अशी तरतूद झाली. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या प्रकरणात तो जुना निकाल चुकीचा ठरवला, आणि त्यातला मुख्य निकाल धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्या मुलाने लिहिला. आपल्याकडे वडिलांचे चुकले असे मुलाने चारचौघांत म्हणणे किती कठीण असते, ते वेगळे सांगायला नको. वडिलांविषयीचा आदर आणि वडिलांच्या मताविषयीचा निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, एवढे त्यातून मी घेतो.

उत्तर 3 – माळावरचा मास्तर

दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले, परंतु ‘संस्कृतीतच वाकणे आहे’ असा सूर पुढे कोणी लावण्याआधी थोडे लिहितो. मी दर वर्षी पालखीबरोबर काही मुक्काम चालतो. वाटेत अनोळखी माणसे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीचे आजोबा विशीतल्या मुलाच्या पायांना हात लावतात आणि तो लगेच त्यांच्या पायांना लावतो. तिथले वाकणे दोन्ही बाजूंनी असते, म्हणून त्यातून कोणी मोठा होत नाही आणि कोणी लहानही होत नाही. तीच कृती व्यासपीठावर गेली की एका दिशेची होते. कार्यकर्ता वाकतो, नेता उभा राहतो आणि छायाचित्र काढले जाते. वारीचा नमस्कार आणि व्यासपीठावरचा नमस्कार दिसायला एकच आहेत, म्हणून त्यांची गल्लत होते आणि त्या गल्लतीचा लाभ राजकारणाला मिळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गल्लत फार आधी ओळखली होती. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या सभेत ते विभूतिपूजेविरुद्ध बोलले. एका थोर माणसाच्या गौरवाच्या सभेतच त्यांनी हे बोलावे, याचे मला नेहमी विशेष वाटते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की, धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती हा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा हमखास मार्ग आहे. त्यांनी भक्तीला नावे ठेवली नाहीत, तिची जागा सांगितली.

महाराष्ट्रातल्या राजकारणाची एक खास अडचण आहे. आपण नेत्यांना नात्यांची नावे देतो. दादा, भाऊ, आबा, ताई, आणि ‘साहेब’ हा शब्दही आता नात्यासारखाच झाला आहे. यात माया आहे हे मी नाकारत नाही. परंतु आमदाराला हिशेब विचारता येतो, दादाला विचारताना जीभ अडखळते. ‘दादांना असं बोललास?’ असे घरचेच म्हणतात. हिशेब मागणे हा उद्धटपणा ठरतो आणि मान खाली घालणे हा संस्कार ठरतो.

मग हेच वर सरकत जाते. विधिमंडळ पक्षाचा नेता निवडायचा असतो, निवडून आलेले आमदार एकत्र जमतात आणि ‘निर्णयाचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना’ असा एका ओळीचा ठराव करून पांगतात. लाख-लाख मतदारांनी दिलेला अधिकार एका ओळीत दुसऱ्याच्या स्वाधीन होतो. इथे वकीलसाहेबांच्या मुद्द्याला मी एक जोड देतो. ही आदब आता केवळ सवय राहिलेली नाही, कायद्यानेच ती सक्तीची केली आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. घाऊक पक्षांतरे थांबवण्याचा हेतू योग्य होता, परंतु सरकार पडण्या-न पडण्याशी ज्याचा संबंध नाही अशा साध्या विधेयकावरही आमदाराला स्वतःच्या मतदारसंघाचे म्हणणे मतातून मांडता येत नाही. पक्षांतरे थांबली असती तर ही किंमत मोजली असे म्हणता आले असते. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत जे पाहिले, त्यानंतर तसे म्हणणेही कठीण आहे.

याच महाराष्ट्रात दुसरी रीतही आहे. 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानाच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि भारी पोशाखातल्या पाहुण्यांसमोर त्यांनी राणीच्या मुलाला सांगितले की, हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश पाहायचा तर खेड्यांत जा. डिसेंबर 1975 मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. दुर्गाबाईंनी तिथे लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली आणि तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी सभेला प्रार्थनेला उभे केले. पुढे त्यांनाही अटक झाली. फुले आणि दुर्गाबाई या दोघांनीही सभा सोडली नाही, यजमानांचा अपमान केला नाही आणि जे सांगायचे ते मात्र सांगितले.

नीरेकाठच्या ताईंना माझे एवढेच सुचवणे आहे की, आईने पुढच्या वेळी खुर्चीवर बसावे. तुम्ही बसा, मग त्याही बसतील.

उत्तर 4 – धानाच्या देशातून

मास्तरांचा आदर ठेवून एका बाबतीत मतभेद नोंदवते. ‘खुर्चीवर बसा’ हे सांगणे सोपे आहे. मी पाच वर्षे सरपंच होते आणि त्याआधी रोजंदारीवर धानाच्या रोवणीला जात होते. ज्याचे काम अडले तर पुढच्या फेरीचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी दोन्ही अंगावर येते, तो माणूस ‘चरणी’ लिहितो ते शहाणपणाने लिहितो. त्या शब्दाला त्याच्याकडे काही खर्च येत नाही आणि काम होण्याची आशा वाढते. तुमच्या आईंना कोणी फसवून हे शिकवले असे समजू नका. चार दारे फिरून त्या स्वतः शिकल्या असतील.

वाकणे जाते ते उपदेशाने नाही, माहितीने. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. त्या घोषणेमागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट आहेत, हे कमी लोकांना ठाऊक असते. रात्री जेवणे झाल्यावर माणसे बसतात, कायदा वाचतात, जाणकाराला बोलावून विचारतात आणि ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घेतात. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. हक्क कागदावर आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. गाव अडून बसले, पण अडून बसताना कायद्याचे कलम बोलत होते. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या गावातली माणसे मोठ्या आवाजात बोलत नाहीत, मी त्यांना भेटले आहे. पुढचे वाक्य काय बोलायचे ते त्यांना ठाऊक असते, म्हणून ती घाबरत नाहीत.

इतर ठिकाणी ग्रामसभा कशी होते ते मी सांगते. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. मग पंधरा-वीस माणसांसमोर ग्रामसेवक भराभर विषय वाचतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे येते. माझ्या पहिल्या सभेत मीच सरपंच असून एका बिलाविषयी विचारले, तेव्हा पहिल्या रांगेतून माझे चुलत सासरे उठले आणि ‘सूनबाई, हे नंतर घरी बोलू’ म्हणाले. मी पदर सावरला आणि पुढचा विषय घेतला. शासनाने मला खुर्ची दिली होती, नात्याने ती एका वाक्यात काढून घेतली. तो ठरावसुद्धा सर्वानुमते मंजूर झाला आहे, त्यावर माझी सही आहे.

म्हणून ताई, मला तुम्हाला एक विचारायचे आहे आणि कृपया राग मानू नका. तलाठी कार्यालयात आई वाकली याचे तुम्हाला वाईट वाटले. त्या अर्जात वारस म्हणून तुमचे स्वतःचे नाव आहे ना?

प्रश्नकर्तीचे उत्तर – नीरेकाठची

सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रश्नानंतर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते.

अर्जात आई आणि धाकटा भाऊ अशी दोनच नावे होती. काकांनी तेराव्याच्या दिवशीच सांगितले होते की, मुलींची नावे लावून नंतर हक्कसोडपत्र करण्यात खर्च होतो, त्यापेक्षा आधीच लावू नयेत. मी आणि माझी मोठी बहीण, दोघीही मान हलवून मोकळ्या झालो. काकांनी आम्हाला शिकवले, लग्ने केली, त्यांना समोरून ‘नाही’ म्हणण्याचा विचारही मनात आला नाही. कर्मचाऱ्यासमोर आई उभी राहिली ते मला टोचले आणि काकांसमोर मी स्वतः उभी होते, ते मला जाणवले नाही.

काल पुन्हा गावी गेले. निघण्याआधी आईला जुन्या कारकुनांनी लिहिलेले सगळे वाचून दाखवले. तिने ‘वर्दी’ हा शब्द दोनदा विचारून घेतला. तिच्या माहेरी पोलीस पाटलाकडे चोरीची वर्दी देत, तीच ही का, असे ती म्हणाली. नवीन अर्ज मी स्वतः लिहिला. त्यात आई, ताई, मी आणि भाऊ अशी चार नावे आहेत, कारण हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि वर्दी द्यायची तर ती पूर्ण दिली पाहिजे. कार्यालयात कर्मचारी तोच होता. कलम 149 लिहिलेले पाहून त्याने एकदा मान वर केली, ‘कोणी लिहून दिले?’ असे विचारले, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून सही केली. त्याचे वागणे वाईट नव्हते. आईने चपला या वेळीही बाहेरच काढल्या, मी तिला अडवले नाही. ती बसली मात्र. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

भावाला संध्याकाळी सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की, हे आधी बोलायला हवे होते. ते खरे आहे. त्याच्याशी बोलण्याची हिंमत नव्हती म्हणून मी आधी कार्यालयात गेले. काकांशी अजून बोललेले नाही. नोटीस त्यांच्या घरीही जाईल, त्याआधी येत्या रविवारी आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहोत. हक्कसोड करायचे की नाही ते पुढे ठरवू, पण ते करायचेच झाले तर नाव लागल्यावर, आम्ही ठरवून, नोंदणी करून.

जुना कारकून काकांना एक विचारायचे आहे. नोटिशीच्या मुदतीत घरातल्याच कोणी तोंडी हरकत घेतली, तर ती नोंद विवादग्रस्त नोंदवहीत जाते का, आणि तशा वेळी सुनावणीला आईला स्वतः हजर राहावे लागेल का? तिची गुडघेदुखी आहे आणि तालुक्याच्या कार्यालयाला दोन जिने आहेत.